नदीकडची खोली

जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या बाखाराखला राहायचं ठरलं की आधी काठ बघा, मग भाडं. माइन्त्स मागे पडलं की कोब्लेन्त्सपर्यंत ऱ्हाईनवर एकही पूल नाही. बाखाराख डाव्या काठाला. नकाशात बोटभर अंतरावर दिसणारं काउब उजव्या. मधे फक्त तर, म्हणजे नदीपार नेणारी बोट. गाड्यासुद्धा तिच्यावरच चढतात. पलीकडची खोली स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि शेवटची तर चुकली, की मुक्कामाचे दिवे समोर दिसतात, पण जाता येत नाही.

गावाची वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर, पण वाइनच्या व्यापारात एकेकाळी नाव मोठं. ‘बाखाराखची’ म्हणून जी वाइन दूरवर जाई, ती सगळी काही इथल्या डोंगरावरची नव्हती. वरच्या अंगाला बिंगेनजवळ पात्रात खडकांचा आडवा बांध होता. मोठ्या जहाजांना तो ओलांडता येत नसे. मग छोट्या नावांतून आलेली पिंपं इथे मोठ्या जहाजांत चढवायची. माल चढला जिथे, नावही तिथलंच लागलं! गावाच्या तटबंदीच्या नदीकडच्या एका दरवाजाला अजूनही क्रानेनटोर म्हणतात, म्हणजे यारीचा दरवाजा.

१५६८चं आल्टेस हाउस, म्हणजे ‘जुनं घर’, सगळेच टिपतात. फोटो झाला की जरा जवळ जावं. लाकडी चौकट, तिच्या खणांत विणलेल्या काठ्या, वर पेंढा कालवलेली माती: म्हणजे आपली कुडाचीच भिंत, चौकट तेवढी दणकट. अशा घरांची चौकट सुतार आधी जमिनीवर जुळवून बघत, सांध्यासांध्यावर पटाशीने खुणेच्या रेघा मारत, मग सुटी करून जागेवर उभी करत. जुन्या घरांवर त्या रेघा शोधल्या तर सापडतात. पुढे डागडुजीत मातीऐवजी सिमेंट भरलं, तिथे घोटाळा झाला. लाकूड दमट हवेत फुगतं, सुकलं की आकसतं; सिमेंट जागचं हलत नाही. कडेला चीर पडते, पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून रंग छान, आतून तुळई कुजलेली. मातीतून ओल सुकून जाते, म्हणून जाणकार आता पुन्हा मातीच थापतात.

बोटीने जायचं तर प्रवाहाबरोबर जा. सांक्ट गोआरपर्यंत साधारण पाऊण तास. उलट दिशेला तेवढ्याच अंतराला बराच जास्त वेळ जातो, तेव्हा परतीला आगगाडी बरी. जाताना उजवीकडचं बाक पकडा. १३२ मीटर उंचीचा लोरेलायचा कडा त्याच हाताला येतो. उन्हाळा कोरडा गेला असेल तर निघण्यापूर्वी काउबच्या मोजपट्टीवर किती पाणी आहे ते बघावं. ४० सेंटिमीटर वाचून दचकू नका. पट्टीचं शून्य नदीच्या तळाशी नसतं. आकडा ४० असला तरी जहाजाच्या वाटेत दीड मीटरच्या आसपास पाणी असतं. ऑक्टोबर २०१८मध्ये तो २५वर उतरला होता. अशा दिवसांत मालवाहू जहाजं अर्धीमुर्धीच भरतात.

राहता राहिली खोली. ‘नदीचं दृश्य’ म्हणून जास्त पैसे मागितले तर मधे काय काय आहे ते आठवावं: आधी तटबंदी, तिला लागून १८५९पासूनचे रूळ, मग हमरस्ता, मग ऱ्हाईन. पलीकडच्या काठालाही रूळ आहेतच. मालगाड्या रात्रभर धावतात आणि दरी अशी चिंचोळी, की पलीकडची गाडीही उशाशी येते. झोप हवी असेल तर मागची, द्राक्षमळ्यांकडची खोली मागा. नदी काय, तटबंदीवरून चालत चालत फुकट बघता येते.