बाजूने किती नंबर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण हे रोज कुणीतरी विचारतंच. खुर्चीत बसलेला विचारतो, बाकावर पेपर चाळत थांबलेला विचारतो. शिकायला पुण्याला गेलेली आमच्या पेठेतली पोरं तर तिथल्या सलूनच्या खुर्चीतूनच फोन लावतात, "दादा, बाजूने किती नंबर सांगू? हा माणूस मशीन घेऊन उभा आहे."

साताऱ्यात माझं दोन खुर्च्यांचं सलून आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घातलेलं. बावीस वर्षं मी तिथे उभा आहे आणि या प्रश्नाला माझा उलटा प्रश्न ठरलेला: परत कटिंगला कधी बसणार ते सांग, मग नंबर सांगतो.

पोरांना वाटतं, हा धंद्याचं बोलतोय. हिशेब बघा. मशीनच्या पुढे जो प्लास्टिकचा कंगवा बसवतात, त्याचा १ नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १० आणि ४ म्हणजे १३. कंपनीगणिक थोडंफार इकडेतिकडे. डोक्यावरचा केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, आठवड्याला ३ मिलिमीटर धरा. आज १ नंबर मारला तर पुढच्या रविवारी तुमच्या डोक्यावर २ नंबर आहे, काही न करता. ४ नंबर मारला तर १३चे १६ होतील, बायकोच्याही लक्षात यायचं नाही. झिरो फेडचं तर बोलूच नका. कातडी दिसेपर्यंत उतरवत आणलेला तो धूसर पट्टा चौथ्या-पाचव्या दिवशी काळवंडायला लागतो आणि दोन आठवड्यांत त्याचा मागमूस राहत नाही.

म्हणून ज्याला दहा-बारा दिवसांनी यायला जमतं, खिशाला झेपतं, त्याने खुशाल झिरो आणि १चा खेळ करावा. महिन्यातून एकदा, तेही आई मागे लागली की येणाऱ्याने ३ किंवा ४ घ्यावा. पहिल्या दिवशी तो तितका झकास दिसणार नाही, पण पंचविसाव्या दिवशी माणसात दिसेल.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. नंबर पीटीचे सर ठरवायचे. प्रार्थनेच्या रांगेत मागून यायचे आणि कानाच्या वर चिमटी लावायचे. चिमटीत केस आले की तिथेच वर ओढायचे, आपण टाचा उचलून उभे. मग रविवारी आबांपुढे रांग. आबांकडे तेव्हा हातमशीन होती, दाबली की चक्-चक् वाजायची आणि धार गेली असली की कापायच्या आधी केस उपटायची. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून पोराला तिच्यावर बसवायचं, मुंडी खाली दाबायची आणि बापाने बाहेरून ओरडायचं, "कानामागे पांढरं दिसलं पाहिजे!" तेव्हा रडत रडत करून घेतलेलं तेच पांढरं आज पोरं दीडशे रुपये मोजून करून घेतात, वर फोटो काढतात.

आमच्या जिल्ह्याला हे नवीन नाहीच म्हणा. सातारा फौजींचा. अपशिंगे गावाच्या नावाला तर मिलिटरी हाच शब्द चिकटलाय. सुट्टीवर आलेल्या फौजीचं ठरलेलं असायचं, बाजूने बारीक, वर इंचभर, टोपीच्या कडेखाली केस दिसता कामा नये. आम्ही त्याला सोल्जर कट म्हणायचो. तेच पुढे फेड नाव घेऊन परत आलं. अमेरिकेतही त्याचं मूळ पलटणीतल्या बारीक कटिंगमध्येच, पण १९८०-९०च्या दशकांत तिथल्या कृष्णवर्णीय न्हाव्यांनी ते असं घोटलं की खालच्या कातडीपासून वरच्या काळ्या केसांपर्यंत कुठे रेघ सापडू नये. मी ते मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. सांगायला लाज कसली, पहिले सहा महिने माझ्या फेडला घाटाच्या पायऱ्या असायच्या.

नंबरच्या आधी एक गोष्ट घरी करून बघा. साधा कंगवा घ्या आणि कानाच्या वर डोक्याला उभा टेकवा. खाली तो डोक्याला लागून राहतो. वर एका जागी डोकं आत वळतं आणि कंगवा सुटतो. तिथे बोट ठेवा. सगळी मेख त्या जागेत आहे. तिच्या वरचे केस आपल्या वजनाने खाली पडतात, खालचे बाहेर येतात. आपल्याकडे बहुतेकांचे केस जाड आणि सरळ. बाजूला दोन-अडीच सेंटिमीटर झाले की खाली बसायचं सोडून ब्रशसारखे आडवे उभे राहतात. "कात्रीने कापले की पंधरा दिवसांत फुगतात," ही तक्रार त्याचीच. म्हणून बाजू बारीक करणं आपल्या केसांना मानवतं. पण मशीन त्या बोटाच्या वर चढली की संपलं. वरच्या केसांना खाली टेकायला काही उरत नाही आणि डोक्यावर पातेल्याचं झाकण ठेवल्यासारखं दिसतं. मोबाइलमधला फोटो विराटचा असला तरी झाकण ते झाकणच.

फोटोचं वावडं नाही मला. फोटो बरा, निदान काय डोक्यात आहे ते कळतं. पण फोटो समोरून काढलेला असतो आणि कटिंग मागून बिघडते. झिरो मारायचा तर डोकं हाताने चाचपून बघावं लागतं. पाण्याचा फवारा मारताना मी तेच करत असतो, गिऱ्हाइकाला वाटतं मालिश चाललीय. तान्हेपणी आजीने मोहरीच्या उशीवर झोपवलेलं डोकं कुठलं आणि पाटासारखं सपाट राहिलेलं कुठलं, ते हाताला कळतं. सपाट असेल तर मागे केस थोडे जास्त ठेवून गोलाई आणायची, तिथे झिरो वर न्यायचा नाही. शिवाय जुन्या खोकेची खूण असते. आंब्यावरून पडल्याची, बॅट लागल्याची, भावाने मारलेल्या दगडाची. २ नंबरच्या खाली गेलं की सगळं बालपण बाहेर. एका बारावीतल्या पोराच्या कानामागे तर रुपयाएवढी गुळगुळीत जागा निघाली. चाई. घरात कुणाला पत्ता नव्हता. मशीन खाली ठेवली, मागे आरसा धरून त्याला दाखवलं, डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि त्या दिवशी ४ नंबरवर भागवलं.

चेहऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचा उगाच बाऊ केलाय. गोल चेहरा असेल तर बाजू बारीक आणि वर थोडी उंची. लांबट असेल तर बाजू ३च्या खाली नको आणि वर डोंगर नको, नाहीतर चेहरा दुधी भोपळा होतो. कान मोठे असतील तर कानाच्या भोवती मशीन न लावता कात्री-कंगव्याने काम करायला सांगा. दाढी असेल तर कल्ल्यापाशी दोन्ही एकमेकांत विरघळली पाहिजेत. बस.

भोवऱ्याचं मात्र लांबून सांगतो, कारण तिथे मी मार खाल्लाय. एका पोराचा साखरपुडा होता. आदल्या संध्याकाळी आला, घाई, मागे गर्दी. त्याला दोन भोवरे होते, शेजारी शेजारी, एक घड्याळाच्या दिशेने फिरणारा आणि एक उलटा. ओल्या केसांत मला ते दिसले नाहीत. बाजूची मशीन मागून वर नेली ती थेट तिथपर्यंत. केस वाळले आणि दोन भोवऱ्यांच्या मधला झुपका कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उभा राहिला. पाणी मारलं, जेल लावलं, हाताने दाबून धरला. सोडला की उभा. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत पोराने फेटा बांधलाय आणि का बांधलाय ते मला माहीत आहे. भोवऱ्यावरचे केस लांब असले की वजनाने बसतात, आखूड झाले की उठतात, मधलं काही नसतं. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. भोवरा कोरड्या केसांत बघायचा. आणि लग्न, साखरपुडा, मुलाखत काही असलं की चार-पाच दिवस आधी बोलवायचं. नव्या कटिंगला बसायला तेवढे दिवस लागतात, आणि चुकलंच तर सावरायला वेळ मिळतो.

सलूनमध्ये बसते तशी कटिंग घरी बसत नाही, ही दुसरी तक्रार. सलूनमध्ये ड्रायर मारलेला असतो हे लोक विसरतात. बारीक बाजूंना काही करावं लागत नाही, सगळं काम वरच्या केसांचं. आंघोळ झाली की टॉवेलने खसाखसा न पुसता दाबून टिपा. केस जिकडे वळवायचेत त्याच्या उलट दिशेला आधी वाळवा, मग हवे तिकडे वळवा. मुळं उठून राहतात. वॅक्स हरभऱ्याच्या दाण्याएवढंच. तळहातावर घासून ते दिसेनासं झालं पाहिजे, मग मागून पुढे हात फिरवा. सगळे आधी कपाळावरच थापतात आणि मग म्हणतात तेलकट दिसतं. जेल भरपूर थापलं की केस काटेरी होतात आणि दुपारी कोंड्यासारखे पांढरे कण गळायला लागतात. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, तिथे तर जेल नकोच. आणि खोबरेल लावून त्यावर वॅक्स लावणाऱ्याला मी काय सांगू? रविवारी तेल लावा, धुऊन टाका, सोमवारी वॅक्स. हेल्मेटवाल्यांनी गाडी लावली की बोटं ओली करून मुळांशी फिरवावीत, वॅक्स पुन्हा जागं होतं.

पुण्याच्या पोरांना फोनवर मी असं सांगतो: त्याला म्हणावं, आधी ४ मार. बघ. मग कल्ल्यापाशी आणि मानेवर २, त्याच्या वर ३, आणि जिथे कंगवा सुटतो तिथून वर कात्री. मोठ्या नंबरवरून लहानावर येता येतं. उलटं जायला महिना लागतो.

वरचे केस विरळ झालेले लोक हे विचारत नाहीत, खरं त्यांनीच विचारायला पाहिजे. टाळूवरचे गेले म्हणून ते बाजूचे वाढवतात, काही जण तेच आडवे वर ओढून घेतात. बाजू दाट आणि लांब असली की मधली विरळ जागा उलट उठून दिसते. बाजू बारीक केल्या की वरचे आहेत तेवढे दाट वाटायला लागतात.

आमचे पीटीचे सर आता निवृत्त झालेत. मागच्या महिन्यात आले, कानांवर पांढरे झुपके, वर जेमतेम. म्हटलं, "सर, आज माझ्यावर सोपवा." बाजूने २ नंबर मारला, वर कात्रीने टोकं घेतली, मानेवर पावडरचा ब्रश फिरवला. मागे आरसा धरायच्या आधी मला राहवलं नाही. कानाच्या वर हळूच चिमटी लावली आणि म्हटलं, "सर, हातात येत नाहीत."

सरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "मानेवर येतात अजून," म्हणाले. "मशीन घे."