सेकंदाला तेरा आघात, पाच सेकंदांना एक सूर

एका मासिकासाठी मी मेटल संगीताची परीक्षणे लिहितो. २०२५च्या फेब्रुवारीत संपादकांनी अॅटमॉस्फेरिक (वातावरणनिर्मितीवर भर देणाऱ्या) आणि प्रोग्रेसिव्ह (रचनेत प्रयोग करणाऱ्या) ब्लॅक मेटलच्या, म्हणजे वेगवान गिटार-ड्रम आणि किंचाळल्यासारखे गायन असलेल्या मेटलच्या, अलीकडच्या चार अल्बमांवर एकत्रित लेख मागितला. हे संगीत ज्याने कधीच ऐकलेले नाही, त्या वाचकाला ‘हा सगळा एकसारखाच गोंगाट आहे’ असे म्हणून पान उलटता येऊ नये, अशी अटही त्यांनी घातली. अट रास्त होती. पण ती पाळायची तर विशेषणांनी भागणार नव्हते, कारण ‘गूढ’, ‘थंडगार’ आणि ‘भव्य’ हे शब्द या प्रकाराच्या परीक्षणांत इतके झिजले आहेत की त्यांवरून कोणताही अल्बम ओळखता येत नाही.

चारांपैकी एक होता नॉर्वेच्या इसानचा, २०२४मध्ये त्याच्याच नावाने आलेला अल्बम. एम्परर या ब्लॅक मेटल बँडमुळे परिचित असलेल्या या गायक-गिटारवादकाने तीच गाणी दोन रूपांत प्रसिद्ध केली आहेत: एकात गिटार, ड्रम आणि कर्कश गायन, तर दुसऱ्यात केवळ वाद्यवृंद. यातले दुसरे रूप जाणत्या कानांवर घालावे, या हेतूने मी माटुंग्याला एका ज्येष्ठ व्हायोलिनवादकांकडे गेलो; त्यांना मी काका म्हणतो. हिंदी चित्रपटगीतांसाठी मोठा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवीत असे, त्या काळात त्यांची हयात रेकॉर्डिंगमध्ये गेली. मेटलशी त्यांचा संबंध इतकाच, की नातू खोलीत लावतो तेव्हा ते दार ओढून घेतात.

आधी मी वाद्यवृंदाचे रूप ऐकवले आणि काही न सांगता त्याच गाण्याचे मेटल रूप लावले. पहिल्या किंकाळीला काकांनी भुवया उंचावल्या, पण ऐकणे थांबवले नाही. गाणे संपल्यावर म्हणाले, “हे तेच आहे. तिथे बो होता, इथे हातात पिक आलंय. एवढ्यासाठी लोक घाबरतात होय?” बो म्हणजे व्हायोलिनचा गज, आणि पिक म्हणजे गिटारची तार छेडायची छोटी पट्टी.

मग त्यांनी पेटी उघडली, बोला राळ लावली आणि बोच्या टोकाजवळच्या दोन-तीन इंचांत एकाच सुरावर ट्रेमोलो, म्हणजे तोच सूर झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजवणे, सुरू केला. बो इतका वेगाने मागेपुढे होत होता की त्याची कड दिसेनाशी झाली. “माझ्या मनगटाकडे बघू नकोस,” ते म्हणाले, “डाव्या हाताकडे बघ. बोट हललंय का?” बोट जागचे हलले नव्हते. बऱ्याच वेळाने ते पुढच्या सुरावर सरकले आणि तिथेही तितकेच थांबले. “वरचं काम द्रुत आहे, चाल विलंबितात आहे. ऐकणारा वरच्यातच अडकला तर त्याला गोंगाटच ऐकू येणार.”

घरी येऊन मी हिशेब मांडला. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत गिटारवर एका मात्रेत चार आघात धरले, तर सेकंदाला तेरांहून अधिक आघात होतात. ड्रमवरचा ब्लास्ट बीट, म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम) आणि सिंबल (धातूची थाळी) यांचा अखंड मारा, याच धावपळीत भर घालतो. मात्र त्याच लयीत एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, चार-चार मात्रांच्या चार आवर्तनांपर्यंत टिकला, तर तो जवळजवळ पाच सेकंद बदलतच नाही. ब्लॅक मेटलची चाल ऐकायची ती या पाच सेकंदांच्या टप्प्यांवर.

या मापाने बाकीचे अल्बम पुन्हा ऐकले, तेव्हा मते धारदार झाली. स्कॉटलंडच्या अँडी मार्शलचा साओर हा बहुतांशी एकट्याचा प्रकल्प. त्याच्या ‘अमिड्स्ट द रुइन्स’मधली संथ चाल लोकगीताच्या वळणाची आहे, आणि बासरीच्या जातीचे व्हिसल तीच धून उचलते तेव्हा गिटारच्या मागे काय चालले होते, ते नवख्यालाही उमगते. बहुतेक गाणी दहा मिनिटांच्या पुढे जातात आणि उत्कर्षबिंदू गरजेपेक्षा जास्त वेळा येतो, हेही मी लिहिले. नॉर्वेच्याच एन्स्लेव्हड या बँडचा २०२३चा ‘हेइमडाल’ मला अधिक मुरलेला वाटतो. शिंगाच्या फुंकीने सुरू होणाऱ्या या अल्बमात कर्कश आणि स्वच्छ असे दोन आवाज एकमेकांना जागा करून देतात, आणि वेग उतरला तरी ताण उतरत नाही.

बोलता बोलता मी काकांना सांगितले, की एम्पररचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम १९९३मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या ग्रीगहालेन या सभागृहात ध्वनिमुद्रित झाला होता. बर्गनचा फिलहार्मोनिक वाद्यवृंद तिथलाच, आणि नाव अभिजात पाश्चात्त्य संगीताचा नॉर्वेजियन रचनाकार एडवर्ड ग्रीगचे. ग्रीग वाजवलेल्या काकांना याचे हसू आले. “म्हणजे पोरं देवळातच दंगा करत होती,” ते म्हणाले.

ऐकण्यासाठी मिळालेली एका अल्बमची प्रत १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्री, म्हणजे आकाराने लहान करण्यासाठी दाबलेली ध्वनिफाइल, होती. तिच्यातल्या सिंबलना पाण्याखाली वाजवल्यासारखी खळखळ होती, आणि काकांनी ती माझ्याआधी टिपली. इतक्या कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला इतकी कमी माहिती साठवताना, साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग बहुधा कापला जातो, आणि सतत वाजणारे सिंबल असे दाबून साठवायला सर्वांत जड जातात. ब्लॅक मेटलची हानी म्हणूनच इतर प्रकारांपेक्षा जास्त होते. पूर्ण दर्जाची प्रत विकत घेतल्याशिवाय त्या अल्बमच्या ध्वनीवर मी अक्षरही लिहिले नाही.

राहिला फिनलंडच्या ओरान्सी पाझुझु या बँडचा २०२४चा ‘मुउन्तौतुया’. त्यावर काकांचे माप चालेना. तिथे शोधावी अशी संथ चाल जवळपास नाहीच. इलेक्ट्रॉनिक घरघर, चक्राकार फिरणारे ठेके आणि ध्वनीचे पोत हेच तिथले कथन आहे. काकांनी दोन गाण्यांनंतर “बंद कर बाबा” म्हटले. मला मात्र चारांत तोच सर्वांत धीट वाटतो. त्यामुळे लेखात त्याला वेगळा परिच्छेद दिला आणि त्याची तुलना इतर तिघांशी केली नाही. संपादकांनी सेकंदांचा हिशेब ‘वाचक पळतील’ म्हणून काढून टाकला. डाव्या हाताच्या बोटाचे वर्णन शब्दशः ठेवले.