पहिल्याचा मेसेज येतो, दुसऱ्याचा येत नाही

अंदाजपत्रकाच्या अकराव्या ओळीत मी लिहिलं होतं: ‘एसएमएस जोडणे – अर्धा दिवस’. ती फाइल अजून लॅपटॉपवर आहे आणि उघडली की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. त्या अर्ध्या दिवसाने २०२५ चे जून, जुलै, ऑगस्ट आणि वर सप्टेंबरचे तीन आठवडे खाल्ले.

काम कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरचं. ४२० उत्पादक, दोन वेळचं संकलन, दर दहा दिवसांनी बिल. आम्ही तिघं करणारे. संकलन, दरपत्रक, पशुखाद्याची वसुली, बिलं हे सगळं मेअखेर सुरू झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्रोग्रॅम लिहिणं हा आमचा रोजचा धंदा आहे, तो जमतो.

सचिवांना मात्र मेसेजची घाई होती, आणि ती का हे मी एका सकाळी डोळ्यांनी बघितलं. सहाला संस्थेत गेलो. किटल्यांची रांग लागलेली, पाऊस भुरभुरत होता. किटली घेऊन येतं एक तर शाळेतलं पोरगं, नाहीतर घरातली म्हातारी. दूध काट्यावर ओतलं, फॅट लागली, पावती फाडून हातात. ती पावती घरी पोचेपर्यंत तिचा लगदा झालेला असतो. मग संध्याकाळी घरमालक येऊन सचिवांशी वाद घालतो, “माझ्या म्हशीला सहा लागत्या, तुम्ही साडेपाच कशी लावली?” मोबाईलवर मराठीत मेसेज गेला तर हे भांडण मिटेल, एवढीच मागणी. रास्त होती.

सचिवांनी मजकूर स्वतः लिहून दिला. सुरुवात ‘सप्रेम नमस्कार, आपण आज सकाळच्या सत्रात घातलेले दूध’ अशी. वाचायला गोड, पण तो तीन मेसेजचा ऐवज होता. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि मेसेज लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘संस्था’ लिहायला आपल्याला दोन अक्षरं वाटतात, मोबाईल सहा मोजतो. ४२० उत्पादक, दोन वेळा, महिन्याचे २५,२०० मेसेज. आम्हाला एका मेसेजचा दर अठरा पैसे पडत होता, म्हणजे ४,५३६ रुपये. नमस्कारासकट १३,६०८. आकडा सांगितल्यावर सचिवांनी नमस्कार स्वतःच्या हाताने खोडला. शेवटी ठरलं ते असं:

सकाळ ६.५लि फॅट ६.२ एसएनएफ ९.१ दर ५२.४० रु ३४०.६०

(एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक.) अठ्ठेचाळीस अक्षरं. संस्थेच्या नावाला बावीस उरली. मी खूश. इथून पुढे माझ्या हातात काहीच नव्हतं, हे मला अजून कळायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे कुठल्याही संस्थेला सॉफ्टवेअरमधून एसएमएस पाठवायचे असतील तर टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (मेसेज पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारी वेबसाइट) नोंदणी लागते. आधी संस्था नोंदवायची, मग हेडर (मेसेज कुणाकडून आला ते दाखवणारी सहा इंग्रजी अक्षरं), मग प्रत्येक मजकुराचं टेम्प्लेट, म्हणजे ठरलेला साचा. मेसेज निघाला की कंपनीची यंत्रणा तो टेम्प्लेटशी ताडून बघते. जुळला तर पुढे, नाही तर तिथेच केराची टोपली. ८ मार्च २०२१ ला ही ताडणी पहिल्यांदा पुरी लागू झाली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले होते, आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला सात दिवसांची स्थगिती द्यावी लागली होती. त्या दिवशी मी बँकवाल्यांना हसलो होतो. ‘एवढं साधं टेम्प्लेट भरता येत नाही?’ म्हणालो होतो. असो.

नोंदणीला ५,९०० रुपये भरले, पाच हजार आणि वर जीएसटी. पहिला अर्ज नामंजूर, कारण नाव जुळत नाही. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र मराठीत, पॅनकार्ड इंग्रजीत, आणि पॅन काढणाऱ्याने ‘व्यावसायिक’चं इंग्रजी स्पेलिंग आपल्या मनाने केलेलं. आम्ही अर्जात शुद्ध स्पेलिंग घातलं, तीच चूक झाली. पॅनवर जे अशुद्ध आहे तेच जसंच्या तसं घालायचं. दुसरा अर्ज अडला अधिकारपत्रावर. लेटरहेड, शिक्का, चेअरमनांची सही हवी. चेअरमन वारीला गेलेले. फोन लावला तर मागे टाळ-मृदंग, आणि “एकादशी झाल्यावर बघू, माउली” एवढंच ऐकू आलं. माउलींपुढे काय बोलणार? ६ जुलैच्या आषाढीपर्यंत आम्ही हात बांधून बसलो. संचालक मंडळाचा ठराव करून सचिवांना सहीचा अधिकार आधीच घेतला असता तर हे तीन आठवडे वाचले असते. आता नवीन कामात मी पहिल्या बैठकीतच तो ठराव मागतो, लोकांना वाटतं मी फार कायदेशीर माणूस आहे.

हेडर दोनदा परत आलं. ‘दूध’ या शब्दावरून बेतलेली सहा अक्षरं दिली होती, शेरा आला की संस्थेच्या नावाशी संबंध दिसत नाही. संस्थेच्या नावात देवाचं नाव आहे, त्यावरून केलं, मिळालं. (मेसेजमध्ये हेडरच्या शेवटी ‘एस’ लागलेला दिसतो तो आपला नव्हे. सेवेचा मेसेज आहे हे ओळखायची ती खूण आहे. सचिवांनी ती चूक समजून मला रात्री दहाला फोन केला होता.)

मग टेम्प्लेट. प्रकार निवडायला चार नावं. आमचं तर पैशांचं काम, व्यवहाराचं, म्हणून ‘ट्रान्झॅक्शनल’ निवडलं. नामंजूर. तो प्रकार तेव्हा बँकांच्या ओटीपीसाठी राखीव होता. आमच्यासारख्यांनी ‘सर्व्हिस इम्प्लिसिट’ घ्यायचं होतं. पुन्हा अर्ज, पुन्हा नामंजूर, या वेळी संस्थेचं नाव मजकुरात ओळखू येत नाही म्हणून. पूर्ण नाव घालावं तर ‘सहकारी दूध व्यावसायिक संस्था मर्यादित’ हीच सदतीस अक्षरं, देवाचं नाव वेगळंच. शेवटी देवाचं नाव आणि ‘दूध संस्था’ एवढं धरून, सोबत लेटरहेडचा फोटो जोडून ते पटवलं. बदलते आकडे जिथे येतात तिथे महिरपी कंस, हॅश, इंग्रजीत ‘व्हार’, पुन्हा हॅश, कंस बंद असं तेव्हा लिहावं लागत होतं. तेवढ्यातही कुठेतरी आमच्या हातून जास्तीची मोकळी जागा पडली आणि आणखी चार दिवस गेले. पोर्टलला फोन लावला तर तिकीट क्रमांक मिळतो. माणूस मिळत नाही. माझ्याकडे एकूण अकरा तिकिटं जमली होती.

जुलैअखेर सगळं मंजूर. रोजचा संकलनाचा मेसेज सुरू झाला, संस्थेत पेढे वाटले. बिलाचे तीन मेसेज होते: ‘पहिल्या दहा दिवसांचे दूध बिल रु … खात्यावर जमा’, तसंच ‘दुसऱ्या’, तसंच ‘तिसऱ्या’. एकातच बदलती जागा ठेवता आली असती, पण बदलत्या जागा जास्त झाल्या की शेरा येतो म्हणून मी शहाणपणा करून तीन वेगळी टेम्प्लेटं नोंदवली होती. एक ते दहा ऑगस्टच्या बिलाचा मेसेज सगळ्यांना गेला.

अकरा ते वीसचा कुणालाच गेला नाही.

गेटवेच्या (आमचे मेसेज टेलिकॉम कंपनीकडे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीच्या) पॅनलवर ‘टेम्प्लेट जुळत नाही’. मी पोर्टलवरचा मंजूर मजकूर एका खिडकीत उघडला, आमच्या प्रोग्रॅममधला दुसऱ्या खिडकीत, आणि शब्दावर बोट ठेवून पाच वेळा वाचला. तंतोतंत तोच. सहकाऱ्याने वाचला. बायकोला वाचायला लावला, ती शाळेत मराठी शिकवते. तिने फक्त ‘खात्यावर’ऐवजी ‘खात्यात’ हवं एवढं सांगितलं. गेटवेवाला म्हणे आमच्याकडून ओके आहे, पोर्टलला विचारा. पोर्टलने बारावं तिकीट दिलं. तिसऱ्या दहा दिवसांचाही गेला नाही. गावात बोलणं सुरू झालं की संस्थेने बिलं दाबली म्हणून. पैसे खात्यावर वेळेत पडले होते, पण मेसेज आला नाही ना! सचिवांचा आवाज बदलला. “सायेब, पेढं परत घेऊ का?”

मग एक ते दहा सप्टेंबरचा मेसेज गेला. व्यवस्थित. सगळ्यांना.

पहिल्याचा येतो, दुसऱ्या-तिसऱ्याचा येत नाही. हे वाक्य मी रात्री जेवताना मोठ्याने बोललो आणि हातातला घास हातातच राहिला. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या. ‘पहिल्या’त नाही आणि बाकी दोन्हींत आहे असं एकच काहीतरी आहे: तो ‘ऱ्या’.

लॅपटॉप ताटाशेजारी ओढला. दोन्हीकडचा फक्त ‘दुसऱ्या’ हा एक शब्द उचलून लांबी मोजायला लावली. एकीकडे ७, दुसरीकडे ८.

झालं होतं असं की हा ‘ऱ्या’ संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’, हलन्त, ‘य’, काना. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा ‘र’, हलन्त, मग एक अदृश्य जोडणारं अक्षर, मग ‘य’ आणि काना. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे उमटतात. पोर्टलवरचा मजकूर सहकाऱ्याने मोबाईलवर टाइप करून मला व्हॉट्सॲपवर पाठवलेला होता, प्रोग्रॅममधला मी लॅपटॉपवर टाइप केलेला. दोन कीबोर्ड, दोन तऱ्हा. यंत्रणेला दिसण्याशी देणंघेणं नाही, ती आतले आकडे बघते. तिच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द होते आणि ती बरोबर होती. आठ-नऊ आठवडे मी पोर्टलला शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या खऱ्या होत्या, या शेवटच्या महिन्यातल्या मात्र मलाच लागू होत्या. दुरुस्तीला लागली चार मिनिटं. मंजूर मजकूर पोर्टलवरून उचलून प्रोग्रॅममध्ये चिकटवला, बस्स. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, टेम्प्लेट हाताने कुणी टाइप करायचं नाही. मंजूर मजकूर जसाच्या तसा डेटाबेसमध्ये राहतो, आणि मेसेज सुटण्याआधी प्रोग्रॅम स्वतः अक्षर न् अक्षर ताडून बघतो. जुळलं नाही तर तिथेच लाल दिवा.

काही गोष्टी राहिल्या, आठवतील तशा लिहितो. मेसेजमध्ये ॲपची लिंक घालायची असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून ती लिंकही पोर्टलवर आधी नोंदवावी लागते. ज्या गेटवेतून पाठवणार त्याच्यापर्यंतची साखळीही तिथेच जोडावी लागते. गेटवे बदलला तर पुन्हा. जुन्या साध्या फोनवर मराठीचे चौकोन दिसतात. आमच्याकडे एका आक्कांनी फोनच बिघडला म्हणून दुकानात नेला होता, तेव्हा अशांसाठी इंग्रजीचं टेम्प्लेट आधीच नोंदवून ठेवा. जुन्या संगणकातली नावं जुन्या फॉण्टात असतील तर ती युनिकोडमध्ये (आजच्या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नेताना याच ‘ऱ्य’वर नजर ठेवा, माझा संशय आहे की ‘कऱ्हाड’ही तिथेच फसतं.

आणि काम चालू असताना गिऱ्हाईक ‘एवढं एक टाका’ म्हणतं, त्याचं काय करायचं? दरपत्रक दहा दिवसांच्या मध्ये कधीच बदलत नाही असं आम्हाला पहिल्या बैठकीत छातीठोक सांगितलं होतं. तिसऱ्याच बिलात बदललं. त्यावर उपाय म्हणून दोनशे पानी वही घेतली. सांगितलेली प्रत्येक गोष्ट तारखेनिशी त्यात, खाली सचिवांची सही. सही करायची म्हटल्यावर निम्म्या मागण्या आपोआप गळाल्या. दर बदलाची मागणी खरी होती, ती राहिली आणि आम्ही पैसे न वाढवता केली, कारण विचारायचं काम आमचं होतं. नुसतं ‘बदलतं का?’ विचारून भागत नाही. मागच्या वर्षीची बिलं मागून घ्यायला हवी होती.

अंदाजपत्रकात आता एसएमएसची ओळ पहिली असते आणि तिच्यापुढे दिवस लिहीत नाही, ‘नोंदणी आजच’ लिहितो. गिऱ्हाईक कागदपत्रं गोळा करेपर्यंत आमचं निम्मं सॉफ्टवेअर होतं.

अकरा ते वीस सप्टेंबरचं बिल २२ तारखेला सुटलं. सकाळी सात वाजता मी संस्थेतच उभा होतो. सचिवांनी स्वतःचा फोन काट्याशेजारी ठेवला होता, रांगेतले तिघं-चौघं वाकून बघत होते. तो वाजला. मग रांगेत मागे एक वाजला, मग एकदम बरेच. ४२० पैकी ४११ पोचले. उरलेल्या नऊ जणांचे नंबरच चुकीचे होते, ते सचिवांनी वहीत लिहून खाली सही केली.