ब्रेझाच्या दोन पिढ्या आणि घाटातला हिशेब

एखाद्या गाडीची नवी पिढी बाजारात आली की शोरूममधला विक्रेता आपल्यापुढे नव्या सोयींची यादी ठेवतो. जुन्या गाडीत नव्हते ते सारे त्या यादीत सापडते. मात्र जुन्या गाडीत होते आणि नव्या गाडीत उरले नाही, त्याचा उल्लेख कोणी करत नाही, आणि आपणही तो विचारायचे विसरतो. मारुती सुझुकीच्या ब्रेझाच्या बाबतीत ही न सांगितलेली बाजू बरीच मोठी आहे. आमच्या घरी वडिलांनी घेतलेली पहिल्या पिढीची डिझेल ब्रेझा आहे, आणि पुण्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाकडे दुसऱ्या पिढीची पेट्रोल ऑटोमॅटिक आहे. दोन्ही गाड्या मी पुष्कळ चालवल्या आहेत, बहुतेक वेळा कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आणि बहुतेक वेळा भरलेल्या. त्यावरून माझे मत असे झाले आहे की दुसरी पिढी कुटुंबासाठी अधिक सुरक्षित आणि अधिक सुखाची आहे, पण ज्या एका गुणामुळे घाटमाथ्यावरच्या लोकांनी पहिल्या पिढीला जवळ केले, तो गुण तिच्यात नाही.

मार्च २०१६ मध्ये ही गाडी ‘विटारा ब्रेझा’ या नावाने आली. लांबी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे कराच्या सवलतीसाठी आखलेल्या चार मीटरच्या रेषेच्या अगदी अलीकडे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,५०० मिलिमीटर. ग्राउंड क्लिअरन्स १९८ मिलिमीटर. इंजिन एकच होते, फियाटकडून आलेल्या तंत्रावरचे १,२४८ सीसीचे डिझेल, जे त्या काळात स्विफ्टपासून अर्टिगापर्यंत अनेक गाड्यांत बसवले जात होते. २०१८ मध्ये त्याला ऑटोमॅटिकचा, म्हणजे एएमटी गिअरबॉक्सचा पर्याय मिळाला. पुढे १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि छोटे डिझेल इंजिन त्या मानकांपर्यंत नेणे परवडणारे नसल्याने कंपनीने डिझेल गाड्याच बंद केल्या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून त्याच ढाच्यात १,४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन येऊ लागले. खरी दुसरी पिढी ३० जून २०२२ रोजी आली आणि नावातला ‘विटारा’ गळून नुसते ‘ब्रेझा’ उरले.

म्हणजे पिढ्या दोन असल्या तरी निवडायच्या गाड्या तीन आहेत: २०१६ ते २०२० ची डिझेल, २०२० ते २०२२ ची जुन्या ढाच्यातली पेट्रोल, आणि २०२२ नंतरची नवी. मधल्या गाडीविषयी फारसे बोलले जात नाही, पण सेकंड हँड बाजारात ती मोठ्या संख्येने दिसते, म्हणून तिचाही विचार करायला हवा.

आधी जागेचे पाहू, कारण नवी गाडी मोठी झाली असे अनेकांना वाटते. ती मोठी झालेली नाही. लांबी, रुंदी, दोन चाकांमधले अंतर आणि ३२८ लिटरची डिकी हे सर्व जुन्याच मापाचे आहे. वाढली आहे ती फक्त उंची, १,६४० वरून १,६८५ मिलिमीटर. मागच्या आसनावर तीन मोठी माणसे तेव्हाही खांद्याला खांदा लावून बसत आणि आजही तशीच बसतात. ही तक्रार नाही, कारण मूळ माप चांगलेच होते. माझ्या आईचे गुडघे दुखतात, आणि कुठल्याही गाडीची परीक्षा आमच्याकडे तिच्यापासून सुरू होते. सेडानमध्ये तिला खाली वाकून स्वतःला आत सोडावे लागते आणि उतरताना कोणाच्या तरी हाताचा आधार घ्यावा लागतो. मोठ्या एसयूव्हीत पायरीवर चढावे लागते. ब्रेझाच्या आसनाची उंची तिच्या कमरेच्या किंचित खाली येते, त्यामुळे ती पाठमोरी होऊन आधी बसते, मग दोन्ही पाय एकत्र आत घेते, आणि उतरताना दरवाजाच्या चौकटीला धरून एकटी उभी राहते. हे दोन्ही पिढ्यांत सारखेच जमते. माहितीपत्रकात याचा आकडा नसतो, पण घरात वयस्कर माणूस असेल तर गाडी घेण्यापूर्वी त्यालाच शोरूममध्ये नेऊन दोन-तीनदा चढा-उतरायला लावावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मागे बसणाऱ्यांसाठी खरा फरक एसीचा आहे. पहिल्या पिढीत मागच्या आसनासाठी एसीच्या वेगळ्या जाळ्या नव्हत्या, त्यामुळे वैशाखात सोलापूरकडे जाताना मागच्यांना गारवा मिळावा म्हणून पुढच्यांना गारठावे लागे. दुसऱ्या पिढीत ही उणीव दूर झाली. चालकाला वर-खाली करता येणाऱ्या स्टिअरिंगबरोबर पुढे-मागे सरकणारे स्टिअरिंगही मिळू लागले, ज्यामुळे उंच माणसाला पाय नीट ठेवल्यावर हात ताणावे लागत नाहीत. सनरूफ, काचेवर वेग दाखवणारा पडदा, चारी बाजूंचे कॅमेरे या गोष्टी वरच्या प्रकारांत आहेत. अरुंद गल्लीत गाडी लावणाऱ्याला कॅमेऱ्यांचा उपयोग होतो, बाकीच्यांवर मी फार वेळ घालवणार नाही.

आता घाटाकडे येऊ, कारण दोन्ही पिढ्यांचा स्वभाव वेगळा होतो तो तिथेच.

डिझेल इंजिनाची ताकद ९० अश्वशक्ती आणि नव्या पेट्रोलची १०३ अश्वशक्ती, एवढेच वाचले तर नवी गाडी जोरकस वाटेल. पण चढावर गाडी ओढून नेतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची चाके फिरवणारी ओढ. डिझेलचा टॉर्क २०० न्यूटन मीटर आणि तो इंजिनाच्या मिनिटाला १,७५० फेऱ्यांवरच हाती येतो. पेट्रोलचा साधारण १३७ न्यूटन मीटर आणि तोही ४,४०० फेऱ्यांवर. या आकड्यांचा अर्थ साखरप्याहून आंबा घाट चढताना कळतो. गाडीत पाच माणसे, डिकीत आंब्याच्या पेट्या, पुढे रांगत चाललेला ट्रक आणि वळणानंतर जेमतेम मिळालेला सरळ रस्ता, अशा वेळी डिझेल गाडी तिसऱ्या गिअरमध्येच दाबली तरी पुढे निघते. पेट्रोल गाडीला दुसऱ्या गिअरवर यावे लागते, इंजिन चार हजार फेऱ्यांच्या वर न्यावे लागते, आणि तो आवाज ऐकून मागे बसलेले काळजीने पुढे पाहू लागतात. गाडी चढत नाही असे मुळीच नाही. ती चढते, फक्त चालकाला तिच्याकडून काम करून घ्यावे लागते आणि ओव्हरटेक करण्याचा निर्णय आधी घ्यावा लागतो.

उंचीचाही परिणाम आहे. नव्या पेट्रोलसारख्या टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती समुद्रसपाटीपासून दर १०० मीटरमागे साधारण १ टक्क्याने घटते, कारण हवा विरळ होते. पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वरला, म्हणजे साधारण १,३५० मीटरवर पोहोचेपर्यंत १०३ पैकी तेरा-चौदा अश्वशक्ती हवेतच विरलेल्या असतात. टर्बो असलेले डिझेल इंजिन हवा दाबून आत घेत असल्याने ही घट बरीचशी भरून काढते. मात्र डिझेलचीही एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी: १,७५० फेऱ्यांच्या खाली टर्बो जागा होत नाही, आणि तीव्र वळणावर चुकून वरचा गिअर राहिला तर गाडी क्षणभर मेल्यासारखी होते. डिझेल चालवणाऱ्याला वळणाआधी गिअर उतरवण्याची सवय लावून घ्यावी लागते. शहरात सकाळच्या रांगेत हेच पुन्हा पुन्हा करावे लागते, तेव्हा पेट्रोल गाडीचा मऊपणा पटतो.

ऑटोमॅटिकची तुलना वेगळी करावी लागते. २०१८ ते २०२० च्या डिझेल एएमटीमध्ये आत साधाच क्लच असतो, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबते. चढावरच्या रांगेत गाडी इंच-इंच पुढे नेताना तो क्लच अर्धवट धरलेल्या अवस्थेत घासत राहतो, म्हणून घाटातल्या कोंडीसाठी ही रचना मला योग्य वाटत नाही. २०२० च्या पेट्रोलमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला, ज्यात शक्ती तेलातून पुढे जाते आणि असे घासणे टळते, पण त्यात गिअर चारच होते. दोन गिअरांमधली दरी इतकी मोठी की चढावर एक गिअर कमी पडे आणि त्याच्या खालचा जास्त होई. दुसऱ्या पिढीने याच रचनेचा सहा गिअरांचा बॉक्स आणला, आणि माझ्या मते या पिढीची सर्वांत मोलाची यांत्रिक सुधारणा हीच आहे. भावाची गाडी घाटात मला हवी तितकी ओढत नाही, तरी ती योग्य गिअर शोधते आणि स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी हवा तो गिअर धरूनही ठेवता येतो. याउलट मॅन्युअलमध्ये आजही पाचच गिअर आहेत, आणि द्रुतगती मार्गावर सहाव्या गिअरची उणीव जाणवते.

सुरक्षेच्या बाबतीत दुसऱ्या पिढीचे पारडे निर्विवाद जड आहे. २०१६ मध्ये सर्व प्रकारांत हमखास मिळणारी एअरबॅग फक्त चालकाची होती. २०१८ च्या मध्यापासून दोन एअरबॅग आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारे एबीएस सर्वांना मिळू लागले. त्याच वर्षी गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत विटारा ब्रेझाला प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे आणि लहान मुलांच्या सुरक्षेसाठी दोन तारे मिळाले. पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा फार थोडे सांगतात, आणि घरात लहान मूल असेल तर दुसराच अधिक महत्त्वाचा आहे. शिवाय हे चार तारे २०१८ च्या जुन्या पद्धतीचे आहेत. जुलै २०२२ पासून ग्लोबल एनकॅपने बाजूची धडक आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रण यांचाही विचार सुरू केला, त्यामुळे जुन्या ताऱ्यांची आजच्या ताऱ्यांशी बरोबरी करू नये. ते तारे दुसऱ्या पिढीच्या नावावरही लावू नयेत. तिचे मोल तिच्यात काय आहे यावरून करावे: घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा, चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे न जाऊ देणारा हिल होल्ड, आणि २०२५ पासून सर्व प्रकारांत सहा एअरबॅग. आषाढात आंबा घाटातल्या ओल्या, शेवाळलेल्या वळणावर ईएसपीचे महत्त्व मला फार वाटते, आणि नवी गाडी घेणाऱ्याला डिझेलच्या ओढीची आठवण येत असली तरी या एका कारणासाठी मी नवीच सुचवेन.

खर्चाच्या बाजूला एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना कराची सवलत आहे, पण ती पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत असेल तरच. त्यामुळे १,२४८ सीसीची डिझेल ब्रेझा छोट्या गाडीच्या दरात बसत होती, आणि १,४६२ सीसीची पेट्रोल ब्रेझा तेवढ्याच लांबीची असूनही त्यातून बाहेर पडली. जीएसटी आणि उपकर मिळून तिच्यावर ४५ टक्के कर बसत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले तेव्हा छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या आणि ब्रेझा ४० टक्क्यांच्या गटात राहिली. चार मीटरच्या मर्यादेसाठी जागेत केलेली काटकसर गिऱ्हाइकाच्या वाट्याला आली, पण त्या मर्यादेचा करातला लाभ आला नाही, ही गोष्ट मला खटकते.

ॲव्हरेजचे अधिकृत आकडे लिटरला डिझेलचा २४.३ किलोमीटर आणि दुसऱ्या पिढीच्या मॅन्युअल पेट्रोलचा सुरुवातीचा २०.१५ किलोमीटर, प्रत्यक्षात दोन्ही कमी पडतात, आणि घाटात पेट्रोलचा आकडा अधिक खाली येतो. मार्च २०२३ पासून मिळणारी सीएनजी ब्रेझा किलोला २५.५१ किलोमीटर देते असे कंपनी सांगते, पण टाकी डिकीत बसते आणि ताकद ८८ अश्वशक्तीच्या आसपास येते. शहरात रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला ती परवडेल. सुट्टीत सामानसुमानासह कोकणात उतरणाऱ्या कुटुंबाला मी ती सुचवणार नाही.

मधली, २०२० ते २०२२ ची पेट्रोल गाडी घ्यायची तर मॅन्युअल पाहावी आणि ती शहरासाठी घ्यावी. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साजेसे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत बंधनकारक झाले, म्हणून त्याआधीच्या गाडीच्या पुस्तिकेत इंधनाविषयी काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

ज्यांचे राहणे घाटमाथ्यावर, फिरणे भरपूर आणि खिसा बेताचा, त्यांना जुनी डिझेल अजूनही उत्तम आहे. डिझेल गाडी दहा वर्षांनंतर रस्त्यावरून हटवण्याचा दिल्ली परिसरातला नियम महाराष्ट्रात नाही. इथे पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो. म्हणजे २०१६ च्या गाडीलाही २०३१ पर्यंत मुदत आहे. तरीही शक्यतो २०१८ च्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची गाडी शोधावी. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना असतो तो पाहावा आणि डाव्या डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण आहे याची खात्री करावी. बीएस-४ काळातल्या या डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर नाही, त्यामुळे त्याची डोकेदुखी नाही, पण टर्बो आणि क्लच तपासलेच पाहिजेत. सकाळी इंजिन थंड असताना ते सुरू करून ऐकावे. मग चार माणसे बसवून गाडी एखाद्या चढावर न्यावी, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांपासून पूर्ण दाबावी आणि काट्यांकडे पाहावे. फेऱ्यांचा काटा झपाट्याने वर जातो आणि वेगाचा काटा मागे रेंगाळतो असे दिसले, तर क्लच सरकतो आहे. तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी पुढे न्यावीत.