तुम्ही विचारलेत म्हणून: प्रेस्टनचा चीजविक्या

"इंग्लंडातल्या एका जुन्या चीजविक्याच्या मागे तुम्ही इतकी वर्षे का लागला आहात?" हे मला माहेरी, सासरी आणि ग्रंथालयात सतत विचारले जाते. आजवर मी 'आवड' म्हणून वेळ मारून नेली, पण ते खरे नव्हते.

हा चीजविक्या म्हणजे इंग्लंडातल्या प्रेस्टन गावचे, एकोणिसाव्या शतकातले जोसेफ लिव्हसी. ते सातव्या वर्षी पोरके झाले. आजोबांच्या ओलसर तळघरात हातमाग चालवताना ते पुस्तक समोर ठेवून वाचत आणि रात्री निखाऱ्यांच्या उजेडात वाचन पुढे नेत. लग्नानंतर डॉक्टरांनी प्रकृतीसाठी चीज खायला सांगितले, तेव्हा घाऊक आणि किरकोळ भावांतला फरक त्यांना उमगला आणि त्यातूनच धंदा उभा राहिला. पत्नी जेन, तेरा मुले, पुढे नगरसेवकपद आणि १८४४ मध्ये स्वतःचे वृत्तपत्र, असा हा संसार होता. १८३१ मध्ये व्यापाराच्या कामी लँकेस्टरला गेले असता त्यांनी पाणी घालून व्हिस्कीचा एक प्याला घेतला. तो त्यांना बाधला आणि घरातल्या वाढत्या मुलांचा विचार करून त्यांनी दारू कायमची सोडली. १ सप्टेंबर १८३२ रोजी प्रेस्टनमध्ये सात जणांनी दारू पूर्णपणे वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा केली, त्यांत ते होते.

मी अकरा वर्षांची असताना बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून अशीच शपथ घेतली होती. ती सतरा दिवस टिकली. अठराव्या संध्याकाळी आईने दिवा लावता लावता उठून दार उघडले, मी बाबांच्या पायांतल्या चपला काढल्या, आणि त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ती मुलाला बाधते, असे आमच्याकडे मानतात. त्याच पावसाळ्यात मला ताप आला, तेव्हा बाबा तीन रात्री माझ्या उशाशी बसून होते. चौथ्या रात्री ते पुन्हा प्यायले. तीन रात्री जागणाऱ्या माणसाचे माझ्यावर प्रेम नव्हते, असे मला कुणी सांगू नये.

त्यांच्यावरच्या माझ्या पहिल्या लेखात मी लिव्हसी यांना 'गरिबांना उपदेश करणारा सुखवस्तू व्यापारी' म्हटले होते. ते मी मागे घेते, कारण बिअरमध्ये जवाचे पोषण किती थोडे उरते हे ते विणकरांना दुकानदारासारखा हिशेब मांडून पटवत, आणि त्या तळघरातली भूक त्यांनी स्वतः भोगली होती. पण सगळेच मागे घेत नाही. त्यांनी सोडला तो एक प्याला होता. ते व्यसनी नव्हते. मुलांसाठी सोडणे त्यांना जमले आणि बाबांना जमले नाही, एवढ्यावरून दोघांच्या मायेची तुलना करणे अन्यायाचे आहे, हे मला कळते. तरीही ती तुलना माझ्याकडून होतेच. लिव्हसी दारूविरोधी सभांमध्ये असताना तेरा मुलांचे घर जेनने कसे सांभाळले असेल, हे लिहायला बसले की मला आईच दिसते.

लँकेस्टरच्या प्याल्याचे प्रकरण मी चार वेळा लिहिले आहे आणि चारही वेळा ते बाबांवर रागावून लिहिले गेले. आता पाचव्यांदा लिहायला घेतले आहे.