जो धावून आला नाही, त्याची नोंद

12 नोव्हेंबर 2021, शुक्रवार. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. ऑफिस अजून पूर्ण उघडलं नव्हतं, त्यामुळे मी सांगलीच्या घरूनच काम करत होतो. सकाळी साडेसहालाच लॅपटॉप लावून बसलो. अमेरिकेत तेव्हा गुरुवारची रात्र होती आणि फ्लोरिडातल्या मायामी गार्डन्सला मायामी डॉल्फिन्स आणि बाल्टिमोर रेव्हन्स यांचा सामना सुरू होणार होता.

माझं काम नोंदी करायचं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. अशा प्रत्येक प्रयत्नाला, म्हणजे प्लेला, आमच्या फाइलमध्ये एक ओळ. कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी, चेंडू कुठे गेला, बचाव कसा उभा होता आणि क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, कितीजण धावून गेले. धावून जाणाऱ्याला रशर म्हणतात. साधारणपणे चार रशर येतात. पाच किंवा जास्त आले की आमच्या व्याख्येप्रमाणे तो ब्लिट्झ. मला या कामावर येऊन दोनच महिने झाले होते, पण शाळेपासून कबड्डी खेळल्यामुळे बचाव बघायला मनापासून आवडायचं.

सामना एकतर्फी होईल असंच सगळ्यांना वाटत होतं. रेव्हन्सनी आठांपैकी सहा सामने जिंकले होते, डॉल्फिन्सनी नवांपैकी दोन. शिवाय रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन. चेंडू फेकायला जागा मिळाली नाही तर हा माणूस स्वतः पळतो आणि पळायला लागला की हाताला लागत नाही. अशा खेळाडूवर ब्लिट्झ करणं धोक्याचं, कारण पहिली फळी ओलांडली की मागे अडवायला कोणी उरत नाही.

डॉल्फिन्सचे मुख्य प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांनी नेमकं तेच केलं. प्लेमागून प्ले त्यांचे सात-सात, आठ-आठ खेळाडू, जिथून प्ले सुरू होतो त्या रेषेवर येऊन उभे राहायचे. ब्रँडन जोन्स आणि जेव्हॉन हॉलंड हे दोघे सेफ्टी. यांची नेहमीची जागा सगळ्यात मागे, शेवटची राखण करण्याची. तेही पुढे, थेट मधल्या फटीत. मागे कोणीच नाही, म्हणजे कव्हर झिरो. मी भारावून बघत होतो आणि भराभर लिहीत होतो: ब्लिट्झ, रशर सात. ब्लिट्झ, रशर सात. ब्लिट्झ, रशर आठ.

डॉल्फिन्स 22–10 असे जिंकले. जॅक्सनला चार वेळा चेंडूसकट पाडलं. मी फाइल पाठवली आणि समाधानाने जेवायला बसलो.

दुपारी फाइल परत आली. कितीतरी ओळी पिवळ्या केलेल्या. मागोमाग आमच्या टीमच्या ताईचा फोन. ताई या कामात सात वर्षं आहे, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो.

"उंचावरचा व्हिडिओ आलाय, तो उघड," ती म्हणाली. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे जातो. हा दुसरा व्हिडिओ स्टेडियमच्या वरून घेतलेला असतो, त्यात मैदानावरचे बावीसच्या बावीस जण दिसतात. प्ले सुरू करताना चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतात, त्याला स्नॅप म्हणतात. "तू सात लिहिलेली ओळ काढ. स्नॅप झाल्यावर दीड सेकंदाने थांबव. आता मोज."

मोजले. पाच होते. उरलेले दोघे रेषेवर उभे होते खरे, पण स्नॅप होताच पाठ फिरवून मागे पळाले होते. ते आता बरोबर त्या जागी उभे होते, जिथे जॅक्सनला झटपट चेंडू टाकायचा होता.

"पुढची."

पुढचीत सहा. त्यापुढचीत सातच्या सात खरोखर आले होते.

"तू ते कसे उभे होते ते लिहिलंयस," ताई म्हणाली. "काय केलं ते लिहिलंच नाहीस. ही फाइल कोणीतरी कोच वाचणार आहे रे. त्याच्यासाठी हे दोन पूर्ण वेगळे बचाव आहेत."

मला लाज वाटली. चूक मोजणीचीच होती, पण तिच्यामागे न समजलेली गोष्ट मोठी होती. मी ब्लिट्झ म्हणजे धाडस समजत होतो, जितके जास्त जण धावतील तितका भारी. ताईने मग गणित समजावलं. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जणांची भिंत असते. रेषेवर सात प्रतिस्पर्धी दिसले की आक्रमण घाबरून चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला आणि कधी भिंतीच्या टोकाला उभ्या टाइट एंडलाही अडवायला मागे ठेवतं. म्हणजे चेंडू झेलायला जाणारे तेवढे कमी झाले. भिंतीलाही ठरवावं लागतं की आपण डावीकडे सरकायचं की उजवीकडे. आणि ते ठरतं स्नॅपच्या आधी, समोर जे दिसतंय त्यावरून. समजा भिंत उजवीकडे सरकली आणि उजवीकडचे तिघे मागे फिरले, तर तिथे भिंतीतले दोघे-तिघे हवेला अडवत उभे. डावीकडून मात्र एक जण मोकळा आत. धावले पाचच, अडवायला होते सहा-सात, तरी एक सुटलाच. चेंडू हातातून सुटायला क्वार्टरबॅकला जेमतेम अडीच सेकंद असतात, आणि त्यातलं बरंचसं हे कळण्यातच जातं.

"पण खरे सात आले नसते तर या खोट्याला कोणी घाबरलं असतं का?" मी विचारलं.

"म्हणून तर दोन्ही वेगवेगळे लिहायचे."

मग तिने मला एक जुना प्ले पाठवला, फेब्रुवारी 2009 मधल्या सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा. पिट्सबर्ग स्टीलर्स 10–7 ने पुढे, मध्यंतराला 18 सेकंद बाकी, ॲरिझोना कार्डिनल्स गोलरेषेपासून एका यार्डावर. स्टीलर्सचे बचावप्रमुख होते डिक लेबो. भिंतीशी झुंजणारा आडदांड गडी मागे पाठवायचा आणि धावायला भलत्यालाच लावायचं, हा झोन ब्लिट्झ त्यांनी सिनसिनाटीत असताना रुजवला. त्या प्लेला ब्लिट्झ ठरला होता, पहिल्या फळीमागे उभा राहणारा लाइनबॅकर जेम्स हॅरिसन यानेही धावून जायचं होतं. तो एक पाऊल पुढे टाकतो आणि स्वतःच्या अंदाजाने मागे सरकतो. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरच्या हिशोबात हॅरिसन धावून आलेला आहे, तिथे जागा मोकळी आहे. तो चेंडू टाकतो. हॅरिसन गोलरेषेवर तो झेलतो आणि अख्खं मैदान, शंभर यार्ड, पळत दुसऱ्या टोकाला जाऊन कोसळतो. स्टीलर्स तो सामना 27–23 ने जिंकले.

तो प्ले मी चार वेळा बघितला. चौथ्यांदा मला आमच्या तालुका संघातला डावा कोपरारक्षक आठवला. चढाईपटू आला की हा मुद्दाम पाऊलभर आत सरकून बोनस रेषा उघडी ठेवायचा. आपण चुकलोय, आपलं लक्ष नाही, असा उभा राहायचा. चढाईपटूने बोनससाठी पाय टाकला की घोटा याच्या हातात. उघडी दिसलेली जागा त्याने स्वतःच उघडलेली असायची. हे मला सोळाव्या वर्षी कळत होतं, मैदानावर दिसतही होतं. त्या सकाळी पडद्यावर सात माणसं बघून मी ते विसरून गेलो.

फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतली. यावेळी मी रशर बघितलेच नाहीत. आधी मागे फिरणाऱ्यांच्या पाठी मोजल्या, मग उरलेले. आणि सामना वेगळाच दिसायला लागला. जॅक्सन आडव्या बाजूला छोटे-छोटे चेंडू का टाकत होता ते कळलं. धावून येणाऱ्यांच्या डोक्यावरून, कडेला, पटकन. हे ब्लिट्झचं जुनं उत्तर आहे. पण कडेचे डॉल्फिन्सही तयार होते, झेल घेतला की तिथल्या तिथे पकड. झेव्हियन हॉवर्डने तर सॅमी वॉटकिन्सच्या हातातून चेंडू हिसकावला आणि 49 यार्ड पळून गोलरेषेपलीकडे टचडाउन केला. जॅक्सनच्या 43 फेकींपैकी 26 झेलल्या गेल्या होत्या. नुसता आकडा बघितला तर खेळ फार वाईट वाटत नाही. पण त्यातले कितीतरी झेल रेषेच्या आसपासच संपलेले होते. सकाळी मी तेसुद्धा नुसते 'पूर्ण' म्हणून लिहून पुढे गेलो होतो.

आणि खरोखर सगळे धावून आलेले प्ले? ते आता मला जास्त धाडसी वाटले. मागे कोणी नाही, समोर लीगमधला सगळ्यात वेगवान क्वार्टरबॅक, आणि दोन्ही सेफ्टी क्षणभरही न थबकता आत घुसतायत. जोन्स त्या वेळी दुसऱ्या हंगामात होता, हॉलंड पहिल्याच. इतक्या कोवळ्या पोरांवर एवढा भरवसा टाकणारा प्रशिक्षक मला फार मोठा वाटतो.

संध्याकाळी सहाला एकच ओळ उरली. एक लाइनबॅकर स्नॅपला जागेवरच थांबला होता. त्याच्याकडे रनिंग बॅकला पकडायची जबाबदारी होती. रनिंग बॅक कुठे गेलाच नाही, अडवायला मागे थांबला. ते दिसताच लाइनबॅकर उशिरा धावला. याला ग्रीन डॉग म्हणतात. तो धरला तर रशर पाच, न धरला तर चार.

"ब्लिट्झ लिहू?" मी विचारलं.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. तिच्याकडे तोच प्ले पुढेमागे फिरत असल्याचा माउसचा आवाज येत होता.

"रशर पाच लिही," ती म्हणाली. "ब्लिट्झच्या रकान्यात नाही लिही. त्याला पाठवलेला नव्हता, समोरच्याने मोकळा सोडला म्हणून तो आला. आणि शेऱ्यात हे सगळं लिही, अर्धवट नको."

मी शेरा लिहिला. त्या फाइलमधला तो सगळ्यात लांब शेरा होता.