असो

सकाळी पावणेआठला मामेभावाला मेसेज टाकला, "गणपतीला कोकणात कसा जाणार आहेस?" दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर नाही. आठ वाजले तरी नाही. गाडीत जागा नसेल. नसेल तर सरळ सांगावं ना! मी काय फुकट बसणार होतो? पेट्रोलचे अर्धे दिले असते. लहानपणी माझी सायकल पंक्चर करून आणायचा, तेव्हा मी कधी चकार शब्द काढला? आठ दहाला मी त्याला लिहिलं, "असो."

पूर्णविरामासकट. मराठीत याहून जड शिवी मला माहीत नाही.

पाठवलं आणि रुफस फायरफ्लाय आठवला. 'डक सूप' हा १९३३ सालचा मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदी नटांचा (कार्लरावांचे हे कुणी नव्हेत) जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा. फ्रीडोनिया नावाच्या देशाची तिजोरी रिकामी आहे. एक श्रीमंत विधवा कर्ज द्यायला तयार आहे, अट एकच, गादीवर फायरफ्लाय बसला पाहिजे. फायरफ्लाय म्हणजे या बंधूंपैकी ग्राउचो. रंगाने काढलेल्या मिशा, तोंडात चिरूट, जिभेला हाड नाही.

शेजारच्या सिल्वेनियाच्या राजदूताशी त्याचं वाजलेलं असतं. ती बाई समेट घडवायला राजदूताला बोलावते. फायरफ्लाय म्हणतो, वा, मी आनंदाने हात पुढे करीन. मग एक क्षण थांबतो. पण त्याने नाहीच मिळवला तर? एका देशाच्या प्रमुखाचा भर सभेत अपमान? समजतो कोण स्वतःला! राजदूत बिचारा अजून दारातही नाही आणि इकडे पारा चढतोय. तो आत येतो, तोंड उघडायच्या आत त्याच्या गालावर सणसणीत बसते. झालं, युद्ध!

हे काल्पनिक भांडण ग्राउचो इतक्या मन लावून रंगवतो, की थप्पड आपल्यालाही रास्त वाटायला लागते. मला तर फारच वाटली. त्याच वर्षी जानेवारीत हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला होता आणि सिनेमा आला नोव्हेंबरमध्ये. अर्थात तेवढं गंभीर होऊन तो बघवतच नाही. एका ठिकाणी राजदूत युद्ध टाळायला काहीही करायला तयार होतो, तर फायरफ्लाय म्हणतो, आता उशीर झाला, रणांगणाचं महिन्याचं भाडं भरलंय. लढाईत तर दर थोड्या वेळाने त्याचा गणवेश बदलतो, जणू कुठल्या युद्धातला हेही महत्त्वाचं नाही. मशीनगन चालवताना कुणी सांगतं, साहेब, ही आपलीच माणसं आहेत. तो गुपचूप पाच डॉलर काढून देतो, कुठे बोलू नकोस म्हणून. आणि लगेच विचार बदलून परत घेतो.

साडेआठला भावाचा मेसेज आला. "अरे, आठला गणपती स्पेशलचं बुकिंग उघडणार होतं, साइटवर झगडत होतो. तुझंपण काढलंय. खालचा बर्थ मिळाला तुला."

मी घाईघाईने 'असो' डिलीट केलं. तर त्या जागी मेसेज डिलीट केल्याची पाटी लागली, 'असो'पेक्षा लांबलचक.

"काय डिलीट केलंस?"

"काही नाही रे," मी लिहिलं, "चुकून गेलं होतं. तिकिटाचे किती पाठवू?"